माय गावातच राहते म्हणते तेव्हा: म्हातारपणाच्या देखभालीचे पर्याय, एकेक पायरी

आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक घरांत दिवाळीला उभा राहतो. पुण्या-नागपूरहून लेकरं चार दिवस गावी येतात आणि फोनवर न कळलेल्या गोष्टी डोळ्यांना दिसतात. दुधाचा गंज करपून काळा पडलेला असतो. बीपीच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं तशीच असतात. माय न्हाणीत जाताना भिंत धरून जाते. मग भाऊबीजेच्या दुपारी सपरीत बैठक बसते. कोणी म्हणतं, आता हिला एकटं ठेवणं बरं नाही. कोणी म्हणतं, महिना-महिना वाटून घेऊ. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी असते, त्यामुळे जे पहिलं सुचतं तेच ठरतं.

आमच्याकडे असंच झालं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. बाबा गेल्यावर मायला आम्ही घाईघाईनं भावाकडे पुण्याला नेलं, तिसऱ्या मजल्यावर. चाळीस दिवसांनी ती परत आली. "तिथं दिवसभर मले कोणी हाकच मारत नाही," एवढंच म्हणाली. त्यानंतर चार वर्षं ती आपल्या घरात राहिली आणि शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होती. "एकटी" आणि "वृद्धाश्रम" यांच्यामध्ये कितीतरी पायऱ्या असतात, हे मला त्या साडेपाच वर्षांत कळलं. त्या ज्या क्रमानं चढायला हव्या होत्या, त्या क्रमानं इथं लिहिते आहे.

पहिली पायरी: काय जमतं ते आठ दिवस नुसतं पाहा

कुठे ठेवायचं हा प्रश्न नंतरचा. आधी माणसाला स्वतःहून काय जमतं ते मोजा. डॉक्टर-नर्स यासाठी सहा कामं पाहतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि आपल्या हातानं जेवणं. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ही मोजणी मांडली आणि आजही ती जगभर वापरली जाते. ही कामं साधारण एका क्रमानं सुटत जातात, हे त्यांनी दाखवलं. सगळ्यात आधी आंघोळ सुटते, हातानं जेवणं सगळ्यात शेवटी.

आंघोळीचं हे लक्षात ठेवा. "आज थंडी वाजते", "कालच तर केली" असं माय वारंवार म्हणायला लागली तर तो आळस समजू नका. बऱ्याचदा ती न्हाणीत पडण्याची भीती असते आणि ती सांगायला लाज वाटते. आमच्या मायनं वर्षभर ते लपवलं.

या सहा कामांच्या आधी आणखी एक यादी ढिली पडू लागते, ती घर चालवण्याची. स्वयंपाक, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा हिशेब, फोन लावणं, किराणा, एसटीनं तालुक्याला जाऊन येणं. शाळेची एक वही घ्या आणि प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: स्वतः करते, हात दिला तर करते, जमत नाही. हे करताना मध्ये धावून मदत करायची नाही, हे लेकीला फार जड जातं. पण तुम्ही हात दिलात की खरं चित्र झाकलं जातं.

माझा अंदाज असा. सहाही कामं जमतात आणि फक्त घर चालवण्यात अडतं, तर माणूस आपल्या घरात नीट राहू शकतो, थोडी सोय लावावी लागते. आंघोळ-कपड्यांना हात लागतो, तर दिवसातून दोन वेळा कोणीतरी यायला हवं. संडास आणि उठणं-बसणं अडलं, की मग रात्री कोण, हा प्रश्न येतो आणि तिथून पर्याय बदलतात.

वहीत लिहिण्याआधी दुरुस्त होण्यासारखं सगळं दुरुस्त करून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. कानात मळ साचून ऐकू येत नसेल तर तो काढता येतो. विसरभोळेपणा वाढला असेल तर बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, या दोन्हींच्या कमतरतेवर इलाज आहे. "म्हातारचळ लागला" म्हणून सोडून देऊ नका. आणि एक फार महत्त्वाचं: कालपर्यंत शुद्धीत बोलणारं माणूस एक-दोन दिवसांत भलतंसलतं बोलायला लागलं, दिवस-रात्र विसरलं, तर ते म्हातारपण नसतं. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं मीठ किंवा साखर कमी होणं, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

दुसरी पायरी: विचारा, पण सगळ्यांसमोर नाही

चार भावंडांपुढे विचारलं तर माय म्हणणार, "तुम्ही म्हणसान तसं." हे उत्तर समजू नका. दुपारी, तूर निवडताना, एकटीला विचारा. कुठे राहते असं थेट न विचारता, काय सुटलं तर तुला करमणार नाही, असं विचारा. आमच्या मायचं उत्तर होतं संध्याकाळची गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. शेजारच्या मामांचं होतं दिवसातून एकदा वावर पाहणं. त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून धुऱ्यापर्यंत नेऊन आणलं तरी ते दोन घास जास्त जेवत. असं एक-एक कळलं की कोणता पर्याय चालणार नाही हे आपोआप दिसतं.

तिसरी पायरी: घर बदलण्याआधी घरात बदल

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पर्याय. गावातलं घर जवान माणसांसाठी बांधलेलं असतं. उंच उंबरठा, अंगणापलीकडे संडास, न्हाणीत गुळगुळीत फरशी, लोंबकळलेली बाज. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की पुष्कळदा तिथून सगळं उलटं फिरतं. म्हणून पडणं टाळणं ही अर्धी देखभाल आहे.

न्हाणीपासून सुरुवात करा. गुळगुळीत फरशी काढून खरबरीत टाईल किंवा झाडूच्या रेघा ओढलेला सिमेंटचा कोबा करा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जीआय पाईपाचे दोन दांडे बनवून घ्या, एक न्हाणीत, एक संडासात. ते भिंतीत पक्के बसवायचे. स्क्रू ढिला असलेला दांडा नसलेल्या दांड्यापेक्षा वाईट, कारण माणूस विश्वासानं त्याच्यावर भार टाकतं. आंघोळीला चार पायांचं स्टूल द्या. प्लास्टिकची हलकी खुर्ची ओल्या फरशीवर सरकते, ती नको.

संडास देशी असेल आणि गुडघे धरत असतील, तर भोक पाडलेली कमोड-खुर्ची त्याच्यावर ठेवता येते. संडास अंगणापलीकडे असेल तर रात्रीपुरती हीच खुर्ची खाटेजवळ ठेवा. रात्री दोन वाजता अंधारात, पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून जाणं हा खेड्यातला मोठा धोका आहे आणि तो एका खुर्चीनं टळतो. त्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा बल्ब लावा.

बाज पाहा. दोरी ढिली पडलेल्या बाजेतून उठणं म्हणजे खड्ड्यातून वर येणं. एकतर दोरी ताणून घ्या, नाहीतर लाकडी पलंग घ्या. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे मांड्यांपेक्षा वर नकोत, एवढी उंची. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के करून बसवा. सकाळी उठताना आधी काठावर मिनिटभर बसायचं आणि मग उभं राहायचं, ही सवय लावा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठलं की भोवळ येते.

उन्हाळा वेगळा धरावा लागतो. चंद्रपूर, नागपूर, वर्धा, अकोला इकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. वय झालं की तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर पाणी आणखी घटतं. टिनाच्या खोलीत दुपारी म्हातारं माणूस ठेवू नका. कूलर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कूलरमध्ये पाणी कोण भरतं ते विचारा. आमची माय बादली उचलवत नाही म्हणून कोरडाच कूलर चालवत होती. अंग तापलेलं, बोलण्यात गडबड, असं दिसलं की १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत ओल्या कापडानं अंग पुसत वारा घाला.

चौथी पायरी: माणसांची साखळी बांधा

"एकटी राहते" म्हणजे कोणी नाही असं नसतं. गावात माणसं असतात, फक्त कोणी काय करायचं हे ठरलेलं नसतं. आम्ही समोरच्या वहिनींशी एक साधी गोष्ट ठरवली: सकाळी सातपर्यंत मायचं कवाड उघडलं नाही, तर त्यांनी हाक मारायची, आणि घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. एकदा याच खुणेनं माय ताप चढून पडलेली वेळेत सापडली.

आशाताईला भेटा आणि घरात म्हातारं माणूस एकटं आहे हे सांगून ठेवा. उपकेंद्र म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-साखर तपासतात, गोळ्या देतात. दर महिन्याला आर्वी-यवतमाळच्या फेऱ्या मारण्याची गरज उरत नाही.

मग पगारी मदत. सकाळी येऊन आंघोळ घालणारी, भाकर-भाजी करणारी बाई गावात मिळते, पण दोन गोष्टी आधी पक्क्या करा. पहिली, कामाची यादी आणि महिन्याचे पैसे स्पष्ट ठरवा, आणि पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. माणुसकीच्या नावाखाली तिला फुकट राबवू नका. दुसरी गोष्ट शहरातल्या लेकरांच्या ध्यानात येत नाही: ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी लागली की तीच बाई वावरात जाणार. तिला तिथं जास्त मजुरी मिळते आणि स्वतःचं वावरही असतं. यात तिची काही चूक नाही. म्हणून दसऱ्याच्या आधीच त्या महिन्यांसाठी दुसरी सोय पाहून ठेवा. आमच्याकडे बचत गटातल्या एका काकूंनी त्या काळात दोन वेळचा डबा दिला, आणि आंघोळ सकाळऐवजी संध्याकाळी, बाई वावरातून आल्यावर व्हायची. वेळ बदलली तरी काही बिघडलं नाही.

दुखण्यावर गावात येणाऱ्या कोणाकडूनही सलाईन आणि इंजेक्शन घेणं बंद करा. हे मी कळकळीनं सांगते. "सलाईन लावली की ताकद येते" या समजुतीपायी हृदयाच्या रुग्णाच्या छातीत पाणी भरू शकतं. आणि गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड खराब करतात, बीपीच्या गोळ्यांसोबत तर जास्तच. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून वर्षातून दोनदा एकाच डॉक्टरांना दाखवा आणि यातल्या कोणत्या बंद करता येतील, असं विचारा.

पाचवी पायरी: पैसा कुठून येतो आणि कुठे पुरत नाही

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात आणि म्हाताऱ्या माणसाला का थांबले ते कळतही नाही, म्हणून ती तारीख लेकरांनी आपल्या मोबाईलमध्ये टाकावी. जन्मभर निंदण-वेचण केलेल्या हातांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीनं काम होतं का ते विचारा, "उद्या या" ऐकून परत येऊ नका.

२०२४ साली राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये बँकेत मिळतात, ते चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड-खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी. वरच्या न्हाणीच्या खर्चाला एवढा हातभार पुष्कळ आहे. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढे राज्यात प्रवास मोफत.

दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. आधारवरचं वय मोजतात. आधारवर जन्मसाल चुकलेलं असेल, आणि आपल्याकडे ते चुकलेलंच असतं, तर आजारपण येण्याआधी दुरुस्त करा. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा कक्ष आणि फिजिओथेरपी, ही २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातली तरतूद आहे. तिथं जाऊन नाव घेऊन विचारा.

पण एक समजून घ्या. ही सगळी कार्डं भरती झाल्यावरच्या उपचारांची आहेत. घरी आंघोळ घालणारी बाई, डायपर, रात्री सोबतीला झोपणारं माणूस, यांचा खर्च कुठलंच कार्ड देत नाही. तो घरूनच करावा लागतो. म्हणून भावंडांनी महिन्याची रक्कम ठरवून मायच्या खात्यात टाकावी. ज्याच्याकडे माय राहते किंवा जी सून करते, तिच्या वाट्यात तिचे कष्ट पैशाइतकेच धरावे. आमच्या घरात हे दोन वर्षं कोणी बोललं नाही आणि त्यातून आलेला दुरावा माय गेल्यावरच थोडा निवळला.

सहावी पायरी: वावर आणि घराचे कागद

इथं घाई नको. "बाबा, सगळं आमच्या नावावर करून द्या, आम्ही पाहतो," असं लेकरांनी चांगल्या मनानं म्हटलं तरी थांबा. वावर ठेक्यानं दिलं तर तेच म्हाताऱ्यांचं वार्षिक उत्पन्न असतं. नावावरून गेलं की त्यांना आपल्याच पैशासाठी हात पसरावा लागतो. मृत्युपत्र करणं यापेक्षा बरं. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि मनात आलं तर जिवंतपणी बदलता येतं.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर "देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे वाक्य कागदात लिहून घ्या. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ या अटीवरच उभं आहे: सांभाळ झाला नाही तर दिलेली मालमत्ता परत मागता येते. याच कायद्यानं आई-वडिलांना लेक आणि लेकी दोघांकडून पोटगी मागता येते, महिना १०,००० रुपयांपर्यंत. मूलबाळ नसेल तर मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकाकडून. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात साध्या कागदावर करता येतो. कोणाकडे जावं ते कळत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ फोन करा, तो मोफत आहे. हा नंबर मायच्या फोनमध्ये भरून ठेवताना मनात अपराधी वाटायचं कारण नाही. तो लेकरांविरुद्धच असतो असं नाही, एकटेपणात नुसतं बोलायलाही चालतो.

सातवी पायरी: लेकराकडे राहायला जाणं

घरात सोय लावूनही भागेना, तेव्हा हा पर्याय. तो चांगला होऊ शकतो, पण परत येण्याची वाट उघडी ठेवून. पहिले दोन-तीन महिने ते "राहून पाहणं" असू द्या. गावातलं घर विकू नका, शेळी-गाय लगेच वाटून देऊ नका. शहरात आधी ठरवा: लिफ्ट आहे का, खाली बसायला जागा आहे का, मराठी बोलणारं, त्यातही आपल्या बाजूचं कोणी आहे का. जिथं विरंगुळा केंद्र किंवा ज्येष्ठ नागरिक संघ आहे तिथं पहिल्या आठवड्यातच स्वतः सोबत नेऊन सोडा.

पाळी लावून महिना-महिना फिरवणं धडधाकट माणसाला जमतं, काहींना आवडतंही. पण विसरण्याचा आजार सुरू झालेला असेल तर ते करू नका. दर महिन्याला संडास कुठे, आपली खाट कोणती, हे नव्यानं शोधावं लागलं की ते माणूस घाबरतं, रात्री ओरडतं, आणि मग "आमच्याकडे आल्यावरच अशी करते" म्हणून घराघरांत भांडणं होतात. अशा माणसाला एका जागी ठेवा आणि पाळी लेकरांनी बदला. गावात असेल तर विहिरीला जाळी, फाटकाला कडी आणि गळ्यात किंवा हातात नाव-फोन नंबर असलेला बिल्ला, ही तीन कामं आधी.

आठवी पायरी: वृद्धाश्रम, आणि तिथं काय विचारायचं

वृद्धाश्रमाचं नाव काढलं की गावात माना फिरतात. मी दोन्ही प्रकार पाहिले. रिकाम्या घरात चार दिवसांची शिळी भाकर खाणारे बाबा पाहिले आणि आश्रमात सोबत्यांशी गप्पा रंगवणारे बाबाही पाहिले. ज्यांना कोणीच नाही, किंवा ज्यांची लेकरं खरोखर करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी चांगला आश्रम हा चांगला निर्णय आहे, आणि तो माणसाच्या संमतीनं घेतलेला असला तर लाजेचा नाही.

प्रकार समजून घ्या. अनुदानित वृद्धाश्रम आणि मातोश्री वृद्धाश्रम यांची माहिती जिल्ह्याच्या समाजकल्याण सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात मिळते. निराधारांना तिथं विनाशुल्क जागा असते. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेला आश्रम अपेक्षित आहे. दुसरा प्रकार ट्रस्टचे आश्रम, महिन्याचे पैसे घेणारे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पाहा, पैशाची पावती घ्या. तिसरा म्हणजे निवृत्तांच्या वसाहती. स्वतःचा फ्लॅट, भोजनगृह, दारात गाडी, आणि आत येणारं माणूस धडधाकटच असायला हवं. त्या पुणे-नागपूरकडे आहेत, मोठी रक्कम आधी भरावी लागते, आणि कास्तकाराच्या घराला त्या क्वचितच परवडतात. नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी विचार केला तर केंद्रानं २०१९ साली काढलेली आदर्श मार्गदर्शक तत्त्वं करार करण्याआधी वाचून घ्यावीत.

आश्रम पाहायला दोनदा जा. एकदा सांगून, एकदा न सांगता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. चादरींचा वास घ्या. राहणाऱ्यांशी एकट्यानं बोला. आणि सगळ्यात आधी हे विचारा: माणूस अंथरुणाला खिळलं तर ठेवता का? पुष्कळ ठिकाणी "चालता-फिरता" हीच अट असते. आमच्या नात्यातल्या एका आत्याचा खुबा मोडला तेव्हा तिथल्यांनी आठ दिवसांत घेऊन जा म्हणून निरोप धाडला. अट प्रवेशाच्या कागदावर होती, आम्हीच वाचली नव्हती. मग बाकीचं: रात्री कोण जागं असतं, दवाखान्यात कोण नेतं आणि खर्च कोणाचा, विसरण्याच्या आजाराची माणसं ठेवता का, अनामत परत मिळते का, भेटायला केव्हाही येता येतं का, आणि माणूस गेलं तर कोणाला कळवता. शेवटचा प्रश्न विचारायला जड वाटतो. तरीही विचारा.

नववी पायरी: अंथरुणाला खिळल्यावर

इथवर आलं की बहुतेक घरं आपल्या घरातच करतात, आणि ते नीट करता येतं. सेवाग्राम किंवा सावंगीसारख्या मोठ्या रुग्णालयातून सुटी होताना लगेच गाडीत बसू नका. नाकातली नळी, लघवीची पिशवी, कूस बदलणं, हे सगळं तिथल्या सिस्टरकडून शिकून घ्या, स्वतःच्या हातानं एकदा करून दाखवा आणि मगच निघा. ज्या सुनेनं किंवा लेकीनं करायचं आहे तिलाच शिकवून घ्या, सही करणाऱ्या भावाला नाही.

जखमा होऊ न देणं हे मुख्य काम. दर दोन तासांनी कूस बदला, दिवसा आणि रात्रीही. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहा. लाल झालेली जागा चोळू नका, तिच्यावरचा भार काढा. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलायची सुटका ती देत नाही. जेवू घालताना पाठीला आधार देऊन बसवा आणि नंतर अर्धा तास तसंच राहू द्या. आडवं करून पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं.

शहरातल्या एजन्सीकडून माणूस आणायचं तर आधी विचारा: नर्सिंग शिकलेली सिस्टर येणार आहे की देखभाल करणारी मावशी? दोघींचे पैसे आणि कामं वेगळी. आणि गावात राहायला ती खरोखर तयार आहे का? आमच्याकडे आलेली पहिली मावशी तिसऱ्या दिवशी शेवटच्या एसटीनं परत गेली. तिला झोपायला धड जागा आम्ही दिली नव्हती.

मायचं शेवटी शेवटी काय करायचं हे आम्ही ती बोलत होती तेव्हाच तिला विचारलं होतं. "मले नळ्यायनं बांधून नागपूरले नेऊ नका," असं ती म्हणाली. ते भावानं एका कागदावर लिहिलं आणि डॉक्टरांना दाखवलं. दुखणं कमी ठेवणारे उपचार घरीही देता येतात, हे त्यांच्याकडून तेव्हाच कळलं.

या दीड वर्षात खरं ओझं माझ्या वहिनीवर, भावाच्या बायकोवर होतं. ती सुरुवातीला काही बोलली नाही, मग तिचीच पाठ धरली. तेव्हा आम्ही महिन्याचे दिवस वाटले: प्रत्येक महिन्याचा दुसरा शनिवार ते मंगळवार मी नागपूरहून यायची आणि वहिनी आपल्या माहेरी, मोर्शीला जायची. पहिल्या वेळी ती फाटकातून तीनदा मागे फिरून औषधांच्या वेळा सांगून गेली. दुसऱ्या महिन्यापासून वेळा भिंतीवर लिहिलेल्या होत्या, आणि ती सरळ बसमध्ये जाऊन बसली.